रक्ताच्या मुळाशी

ब्लड कॅन्सरचं निदान झालं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे सुरू कधी झालं? दिवाळीत आलेला तो ताप, की त्याआधीपासूनचा थकवा? डॉक्टर मोघम उत्तर देतात, कारण आजवर मोघम उत्तरच प्रामाणिक होतं. २०२२ साली केंब्रिजजवळच्या सँगर इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी मात्र रुग्णांच्या एका छोट्या गटापुरतं जवळजवळ तारखेनिशी उत्तर दिलं. अस्थिमज्जेत पेशींची बेसुमार पैदास होणारे काही मंद गतीचे रक्तविकार आहेत. त्यांतल्या बऱ्याच रुग्णांत जॅक-टू या जनुकात एक ठरावीक बदल आढळतो. बारा रुग्णांच्या हजारावर पेशींचा डीएनए वाचून, त्यात साठलेल्या चुका मोजत संशोधक मागे मागे गेले. हा बदल जिथे पहिला होता, तिथे तो गर्भात असताना किंवा बालपणीच झालेला निघाला. रोग उघडकीला आला तो त्यानंतर सरासरी तीस वर्षांनी.

तीस वर्षं ती पेशी होती कुठे, आणि करत काय होती? तिला मूळपेशी म्हणतात आणि तिचा शोध, तिचा जन्म, तिचा मुक्काम आणि तिचा बिघाड या चार गोष्टी आता एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. गेल्या साठ वर्षांच्या संशोधनातून मला दिसणारा धागा असा: रक्ताच्या कर्करोगात जी जनुकं मोडलेली सापडतात, त्यांतली बरीचशी मुळात रक्ताला जन्म देणारीच जनुकं आहेत.

रक्तपेशी अस्थिमज्जेत तयार होतात हे १८६८ साली क्योनिग्सबर्गच्या नॉयमन यांनी आणि इटलीच्या बित्सोझेरो यांनी दाखवलं होतं. पण तिथे गर्दी करून असलेल्या पेशींपैकी मूळ कोणती, हे सूक्ष्मदर्शकातून कळण्यासारखं नव्हतं. प्रश्नाला धार आली ती हिरोशिमा आणि नागासाकीनंतर. स्फोटातून वाचलेली माणसं पुढच्या काही आठवड्यांत जंतुसंसर्गाने आणि रक्तस्रावाने दगावत होती, कारण किरणोत्सर्गाने त्यांची अस्थिमज्जा निकामी झाली होती. १९४९ मध्ये शिकागोच्या लिऑन जेकबसन यांनी उंदरांची प्लीहा शिशाने झाकून बाकी अंगावर घातक मात्रेचे किरण सोडले. उंदीर जगले. मग वाद पेटला: झाकलेल्या अवयवातून एखादं संप्रेरकासारखं द्रव्य बाहेर पडतं, की जिवंत पेशी जाऊन मज्जेत वस्ती करतात? १९५६ साली इंग्लंडमधल्या हार्वेल इथल्या गटाने दात्या उंदराची वेगळी ओळखू येणारी गुणसूत्रंच घेणाऱ्याच्या मज्जेत दाखवली आणि वाद मिटला.

यापुढची गोष्ट टोरांटोची. जेम्स टिल भौतिकशास्त्रज्ञ, अर्नेस्ट मॅककुलक डॉक्टर. उंदरांना मरणाच्या मात्रेचे किरण द्यायचे, दुसऱ्या उंदराच्या मज्जेतल्या पेशी मोजून टोचायच्या आणि किती पेशी दिल्या म्हणजे उंदीर वाचतो ते पाहायचं, असा साधा हिशेबी प्रयोग होता. एका रविवारी मॅककुलक प्रयोगशाळेत येऊन दहा दिवस जगलेल्या उंदरांच्या प्लीहा तपासत बसले. त्यांवर बारीक गाठी उठलेल्या दिसल्या. जास्त पेशी टोचलेल्या उंदरांत जास्त गाठी, कमी टोचलेल्यांत कमी. आलेखावर बिंदू मांडले तर सरळ रेषा. साधारण दहा हजार पेशींमागे एक गाठ. कापून पाहिलं तर एकाच गाठीत तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स बनवणाऱ्या मोठ्या पेशी एकत्र. म्हणजे हे सगळं एकाच पेशीचं अपत्य असावं. पण ‘असावं’ म्हणजे पुरावा नव्हे. अँडी बेकर या विद्यार्थ्याने १९६३ मध्ये तो मिळवला. टोचायच्या पेशींनाही त्याने थोडे किरण दिले, म्हणजे काहींची गुणसूत्रं वेडीवाकडी तुटून जुळतील. मग एखाद्या गाठीतल्या पेशी तपासल्या तर साऱ्यांत तीच एक विचित्र खूण! ज्या किरणांनी मज्जा नष्ट केली, त्यांनीच वंशावळही लिहून दिली. इतक्या कमी साहित्यात इतकं मोठं काही सिद्ध केल्याची उदाहरणं जीवशास्त्रात फार नाहीत.

गंमत अशी की त्या गाठींपैकी बऱ्याचशा खऱ्या मूळपेशीच्या नव्हत्याच. तिच्या पुढच्या पिढीतल्या, थोड्या वाटेला लागलेल्या पेशींच्या होत्या, हे मागाहून कळलं. शुद्ध स्वरूपातली मूळपेशी वेगळी काढायला १९८८ उजाडावं लागलं. ते काम स्टॅनफर्डच्या अर्विंग वाइसमन यांच्या प्रयोगशाळेचं. १९९६ मध्ये हिरोमित्सु नाकाउची यांच्या जपानी गटाने एक, फक्त एक पेशी टोचून उंदराचं रक्त दीर्घकाळ पुन्हा उभं करून दाखवलं. मूळपेशीची व्याख्या आजही याच कसोटीवर टिकून आहे: तिने सगळ्या जातींच्या रक्तपेशी दिल्या पाहिजेत, आणि दरवेळी स्वतःसारखीही मागे ठेवली पाहिजे, जसं दही लावणारी बाई उद्यासाठी विरजण राखते. या दुसऱ्या गुणाला स्व-नूतनीकरण म्हणतात. रक्ताचा जीव त्यात आहे आणि धोकाही त्यातच.

आता जन्म. भ्रूणात पहिलं रक्त दिसतं ते शरीराबाहेर, पीतक कोशात. त्यामुळे मूळपेशीही तिथूनच येत असणार, असं मूर आणि मेटकाफ यांनी १९७० मध्ये मांडलं आणि ते सर्वमान्यही झालं. पाच वर्षांनी पॅरिसजवळच्या नोजाँ-सुर-मार्न इथे फ्रान्स्वाझ दिएतर्लाँ-लिएव्र या बाईंनी अंड्यात एक कलम केलं. लाव्याचं भ्रूण कोंबडीच्या पीतक कोशावर बसवलं. लाव्याच्या पेशीचं केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली चटकन ओळखू येतं. भ्रूण वाढल्यावर पाहिलं तर टिकाऊ रक्त लाव्याचं होतं, म्हणजे ते भ्रूणाच्या शरीरातूनच आलं होतं. ‘पक्ष्यांत असेल तसं’ म्हणून सस्तन प्राण्यांवर काम करणाऱ्यांनी हे बरीच वर्षं बाजूला ठेवलं. १९९६ साली मेदविन्स्की आणि झिएर्झाक यांनी उंदराच्या भ्रूणात महाधमनीच्या परिसरात मूळपेशी उपजतात हे दाखवलं, तेव्हा तो वाद निवळला. माणसात ही घटना गर्भाच्या चौथ्या आठवड्याच्या सुमाराला घडते. तेव्हा भ्रूण असतं जेमतेम चार-पाच मिलीमीटर, आणि महाधमनीच्या पोटाकडच्या भिंतीला आतून पेशींचे छोटे पुंजके लगडलेले दिसतात.

त्या भिंतीवर नेमकं काय होतं हे २०१० मध्ये डोळ्यांनी दिसलं. पाश्चर इन्स्टिट्यूटच्या कारीमा किसा आणि फिलिप एर्बोमेल यांनी झेब्राफिश या पारदर्शक माशाच्या भ्रूणात महाधमनीचं सलग चित्रण केलं. वाहिनीच्या तळाच्या अस्तरात एक चपटी पेशी असते, शेजारणींना घट्ट चिकटलेली. ती हळूहळू बाक घेते, आकसते, शेजारणी तिच्यावरून एकमेकींच्या जवळ सरकतात, आणि ही गोल होऊन अस्तरातून सुटते. विभाजन नाही, जखम नाही, वाहिनीला भोकही पडत नाही. काही तासांपूर्वी नळीची भिंत असलेली पेशी आता रक्ताची मूळपेशी होऊन वाहू लागते. त्याच वर्षी आणखी दोन गटांनी मासा आणि उंदीर यांत हेच दाखवलं.

हे रूपांतर ज्याच्याविना होत नाही त्या जनुकाचं नाव रन्क्स-वन. ते पहिल्यांदा हाती लागलं ते भ्रूणात नव्हे, रुग्णांत. तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या काही रुग्णांत आठव्या आणि एकविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते, हे शिकागोच्या जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये टिपलं होतं. त्या तुटीच्या जागी कोणतं जनुक आहे हे १९९१ मध्ये जपानी संशोधकांनी शोधलं आणि रोगाच्या नावावरूनच त्याचं पहिलं बारसं केलं; रन्क्स-वन हे नाव नंतरचं. १९९६ मध्ये हे जनुक काढून टाकलेली उंदराची भ्रूणं तयार केली गेली; ती गर्भातच मेली, आणि त्यांच्या यकृतात रक्त बनतच नव्हतं. २००९ मध्ये नॅन्सी स्पेक यांच्या गटाने आणखी बारकाईने दाखवलं की अस्तराची पेशी रक्ताची होते त्या क्षणी रन्क्स-वन लागतं. मूळपेशी एकदा घडली की त्या टप्प्यासाठी त्याची गरज सरते. टॅल-वन आणि एलएमओ-टू या जनुकांचीही कथा हीच: आधी ल्युकेमियात सापडली, मग कळलं की ती नसतील तर भ्रूणात रक्तच उपजत नाही.

हा योगायोग नाही. पेशीने कोण व्हायचं हे ठरवण्याचा अधिकार फार थोड्या जनुकांकडे असतो, आणि रोग त्यांच्यावरच हात टाकतो. अदलाबदलीत रन्क्स-वनचा डीएनएला धरणारा भाग शाबूत राहतो, पण त्याच्या शेपटाला भलतंच प्रथिन जोडलं जातं. हे जोडप्रथिन नेहमीच्याच जागांवर जाऊन बसतं आणि जी जनुकं चालू व्हायची ती दाबून टाकतं. पेशी धड पिकत नाही, पण वाढायची क्षमता मात्र राखून असते. जन्मतःच रन्क्स-वनची एक प्रत खराब असलेली कुटुंबंही आहेत. त्यांच्यात प्लेटलेट्स कमी असतात आणि बऱ्याच जणांना पुढे ल्युकेमिया होतो.

महाधमनीतून निघालेल्या पेशी गर्भाच्या यकृतात जातात, तिथे वाढतात आणि जन्माच्या आधीपासून अस्थिमज्जेत मुक्कामाला येऊ लागतात. मोठेपणी त्या मुख्यतः कमरेचं हाड, मणके, बरगड्या आणि छातीचं हाड यांत असतात. बोन मॅरोची सुई कमरेत का घालतात याचं उत्तर तिथे आहे. मूळपेशीला तिच्या जागेचा आधार लागतो, ही कल्पना रे स्कोफिल्ड यांनी १९७८ मध्ये मांडली. तो आधार हाडाच्या कडेच्या पेशी देतात की बारीक रक्तवाहिन्यांभोवतीच्या, यावर पुढे बरीच शाई खर्च झाली. आज पारडं वाहिन्यांकडे झुकलं आहे. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की तिथे या पेशी बहुतांश काळ निजलेल्या असतात. उंदरातल्या सर्वांत गाढ झोपलेल्या मूळपेशी उभ्या आयुष्यात पाचेक वेळाच विभागतात, असा २००८ सालचा अंदाज आहे. रोजच्या अब्जावधी पेशींचं काम त्यांच्या हाताखालच्या पिढ्या करतात. कमी विभाजन म्हणजे नकला उतरवताना होणाऱ्या चुकाही कमी.

तरी चुका होतातच. पीटर कँपबेल यांच्या सँगरमधल्या गटाने नवजात अर्भकांपासून ऐंशीच्या घरातल्या वृद्धांपर्यंत दहा जणांच्या साडेतीन हजारांवर रक्तपेशींचे संपूर्ण जीनोम वाचले. प्रत्येक मूळपेशी वर्षाला सुमारे सतरा चुका गोळा करते, आणि हा वेग साधारण सारखा राहतो. घड्याळासारख्या याच नियमितपणामुळे सुरुवातीला सांगितलेली तारीख काढता आली. दुसरा निष्कर्ष मला जास्त अस्वस्थ करणारा वाटतो. पासष्टीच्या आतल्या माणसांचं रक्त हजारो मूळपेशींच्या वंशांतून येतं. पंचाहत्तरीच्या पुढच्या प्रत्येकात मात्र बारा ते अठरा वंशच निम्म्याच्या आसपास रक्त पुरवत होते. हे वंश वाढायला लागलेले असतात तरुणपणी, काही तर बालपणीच. चक्रवाढ व्याजासारखी रक्कम डोळ्यांत भरते ती शेवटी.

यांतल्या काही वंशांत ल्युकेमियातली ओळखीची जनुकं बदललेली दिसतात: डीएनएमटी-थ्री-ए, टेट-टू, एएसएक्सएल-वन. २०१४ मध्ये सिद्धार्थ जैस्वाल आणि जुलिओ जेनोव्हेझे यांच्या स्वतंत्र अभ्यासांत सत्तरी ओलांडलेल्या दर दहांपैकी सुमारे एकाच्या रक्तात असा वंश आढळला. रक्ततपासणीचे नेहमीचे आकडे मात्र चोख. अशा माणसाला ब्लड कॅन्सर होण्याची शक्यता वर्षाला अर्धा ते एक टक्का, म्हणजे बहुसंख्यांना तो कधीच होत नाही. त्यापेक्षा त्यांच्या हृदयाला धोका जास्त, कारण बिघडलेल्या मूळपेशीतून निघालेल्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिन्यांत दाह वाढवतात. ज्याला रोग म्हणावं की नुसतं वय, याची रेघ इथे पुसट होते. कॉर्पोरेट तपासणी पॅकेजांत उद्या असे वंश शोधणारी चाचणी आलीच, तर लोकांना घाबरवण्यापलीकडे तिचा उपयोग आज फारसा नाही.

मग कर्करोग नेमका कोणत्या पेशीत सुरू होतो? टोरांटोच्याच जॉन डिक यांनी १९९४ मध्ये, आणि डोमिनिक बोने यांच्याबरोबर १९९७ मध्ये दाखवलं की प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात माणसाचा तीव्र मायलॉइड ल्युकेमिया रुजवायला लाखो पेशींतली एखादीच पुरी पडते, आणि ती बाह्यखुणांनी निरोगी मूळपेशीसारखी दिसते. यातून ‘कर्करोगाची मूळपेशी’ ही कल्पना निघाली आणि नको तितकी पसरली. प्रतिकारशक्ती अधिक दुबळी असलेले उंदीर वापरल्यावर इतर पेशींतूनही रोग रुजू लागला. शिवाय एमएलएल नावाच्या जनुकाची विशिष्ट मोडतोड उंदराच्या पुढच्या टप्प्यातल्या, स्व-नूतनीकरण हरवून बसलेल्या पेशीत घातली तर तिला तो हरवलेला गुण परत मिळतो आणि ल्युकेमिया होतो. तेव्हा पहिली चूक बहुधा मूळपेशीत, पण शेवटची ठिणगी अनेकदा पुढच्या पिढीत, असं आज म्हणता येतं. डिक यांच्याच गटाने २०१४ मध्ये रुग्णांत अशा मूळपेशी दाखवल्या ज्यांच्यात डीएनएमटी-थ्री-एचा बदल होता पण पुढचा निर्णायक बदल नव्हता. त्या अजून नीट रक्त बनवत होत्या, आणि केमोथेरपीनंतर रोग ओसरला तेव्हाही तशाच शिल्लक होत्या.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात हे सर्वांत स्वच्छ दिसतं. फिलाडेल्फियात १९६० साली सापडलेलं त्याचं छोटं गुणसूत्र रुग्णाच्या नुसत्या पांढऱ्या पेशींतच नव्हे, तांबड्या पेशींच्या वंशातही असतं. म्हणजे रोगाचं मूळ मूळपेशीतच आहे. २००१ मध्ये इमॅटिनिब हे औषध आलं आणि जीवघेणा रोग गोळीवर राहू लागला. पण गोळी पिकलेल्या पेशी मारते, निजलेली मूळपेशी तिला दाद देत नाही. ज्यांच्या रक्तात दोन वर्षं रोगाचा मागमूस नव्हता अशा रुग्णांची गोळी फ्रान्समध्ये थांबवून पाहिली. सुमारे चाळीस टक्क्यांत रोग परतला नाही, बाकीच्यांत परतला आणि गोळी पुन्हा सुरू करावी लागली. वर्षानुवर्षं घ्यायच्या औषधाची किंमत म्हणजे आयुष्याचाच प्रश्न. इमॅटिनिब बनवणाऱ्या नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला, तेव्हा कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर होता आणि भारतीय जेनेरिक त्याच्या दहाव्या भागापेक्षाही स्वस्त होतं. न्यायालयाच्या निकालाने मूळपेशीच्या शास्त्रात भर पडली नसेल, पण तिच्यासोबत जगणं हजारो घरांना परवडत राहिलं.

लहान मुलांचा ल्युकेमिया वेगळ्या वाटेने येतो. लंडनचे मेल ग्रीव्ह्ज यांनी जन्मल्यावर टाचेतून टिपकागदावर घेतलेले रक्ताचे जुने ठिपके शोधून काढले. ज्यांना पुढे दोन, पाच, काहींना त्याहून जास्त वर्षांनी ल्युकेमिया झाला, त्यांतल्या अनेकांच्या त्या ठिपक्यांतच जनुकांची जोडणी आधीपासून हजर होती. त्यांतली सर्वांत नेहमीची जोडणी पुन्हा रन्क्स-वनचीच, जोडीदार वेगळा. निरोगी बाळांतही ती आढळते, आणि रोग होणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त बाळांत. म्हणजे दुसरी चूक झाल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. बाळाच्या नाळेतलं रक्त हजारो रुपये भरून साठवा, उद्या त्यालाच उपयोगी पडेल, अशा जाहिराती पुण्या-मुंबईच्या प्रसूतिगृहांत सर्रास दिसतात. मुलाला ल्युकेमिया झालाच तर त्याच्याच नाळेतल्या रक्तात पहिली चूक दडलेली असण्याची शक्यता बरीच असते, हे त्यांत नसतं. स्वतःसाठी असं रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, असं आयसीएमआरनेही म्हटलं आहे. दुसऱ्याचं नाळरक्त ही गोष्ट निराळी: १९८८ मध्ये पॅरिसमध्ये एलियान ग्लुकमान यांनी फॅन्कोनी अॅनिमियाच्या मुलावर नवजात बहिणीच्या नाळरक्ताने उपचार केले आणि ते यशस्वी झाले.

मूळपेशीत हात घालून दुरुस्ती करण्याची पहिली मोठी किंमतही पॅरिसमध्येच मोजली गेली. प्रतिकारशक्तीविना जन्मलेल्या मुलांच्या मूळपेशींत विषाणूमार्फत चांगलं जनुक घातलं. बहुतेक मुलं बरी झाली, घरी गेली. मग पॅरिस आणि लंडनच्या वीस मुलांपैकी पाचांना ल्युकेमिया झाला आणि एक मूल गेलं. विषाणू बहुतेकांत जाऊन बसला होता तो एलएमओ-टूच्या शेजारी, आणि त्याने ते जनुक पेटवून दिलं होतं. भ्रूणात रक्ताला जन्म देणारं तेच जनुक!

आज त्याच वाटेवर सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण उभे आहेत. २०२३ च्या अखेरीस दोन उपचारांना मान्यता मिळाली. एकात क्रिस्पर या जनुकसंपादनाच्या तंत्राने मूळपेशीच्या डीएनएवर कात्री चालते, दुसऱ्यात विषाणू जनुक पोचवतो. दुसऱ्याच्या वेष्टनावर रक्ताच्या कर्करोगाचा ठळक इशारा छापलेला आहे, कारण आधीच्या चाचण्यांत दोन रुग्णांना ल्युकेमिया झाला होता. तपासात विषाणूपेक्षा जास्त संशय गेला तो आधीची मज्जा रिकामी करणाऱ्या केमोथेरपीवर आणि वर्षानुवर्षं ताणाखाली राबलेल्या मूळपेशींवर. बिघडलेला एखादा वंश आधीच तिथे असेल, तर रिकाम्या मज्जेत त्याला मोकळं रान मिळतं. २०२४ मध्ये मेलबर्नच्या मर्डॉक संस्थेतल्या गटाने माणसाच्या पेशींना भ्रूणासारख्या अवस्थेत मागे नेऊन, महाधमनीतला तो टप्पा प्रयोगशाळेत घडवून, उंदरात दीर्घकाळ टिकणाऱ्या मूळपेशी बनवल्या. त्या माणसात देण्याजोग्या झाल्या तर चुका आधी तपासून निवडलेल्या पेशींपासून सुरुवात करता येईल, पण त्याला वेळ आहे.

गडचिरोली, नंदुरबार, मेळघाटात सिकलसेलच्या मुलाला आज मिळते ती हायड्रॉक्सीयुरियाची गोळी, तीही नियमित मिळाली तर. जनुकउपचार परवडणाऱ्या किमतीत तिथवर पोचलाच, तर मूळपेशी काढण्याआधी त्यांत कोणता वंश वाढतो आहे हे वाचावं लागेल, आणि विषाणूने जनुक घातलं असेल तर पंधरा वर्षं पाठपुरावा ठेवावा लागेल. अमेरिकेच्या औषध प्रशासनाची तशी अपेक्षा आहे. एकदा उपचार घेऊन गावी परतलेल्या मुलाचं रक्त दरवर्षी कोण काढणार, ते कुठल्या प्रयोगशाळेत जाणार आणि निकाल त्याच्या घरी कोण सांगणार, हे उपचाराच्या खर्चात आधीच धरायला हवं.